विळा, हातोडा आणि अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा

व्हेरा मुखिना या शिल्पकर्तीच्या ‘कामगार आणि कोल्खोज शेतकरीण’ (कोल्खोज म्हणजे सोव्हिएत सामूहिक शेत) या शिल्पाविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: जुन्या सोव्हिएत चित्रपटांच्या सुरुवातीला विळा-हातोडा उंचावलेली एक जोडी दिसते. ते शिल्प प्रत्यक्षात कुठे आहे का? आणि ते एका बाईने घडवलं, हे खरं का?

दोन्ही गोष्टी खऱ्या. शिल्प मॉस्कोच्या उत्तरेला, वेदेएनखा या जुन्या प्रदर्शन-मैदानाजवळ उभं आहे. 1947 पासून ते मोसफिल्म स्टुडिओचं बोधचिन्ह झालं. पडद्यावर वळताना दिसते ती अर्थात छोटी प्रतिकृती. मूळ शिल्प साधारण 24.5 मीटर उंच आहे.

व्हेरा मुखिनाचा जन्म 1889 चा, रिगा शहरातला. 1912 ते 1914 या काळात ती पॅरिसमध्ये फ्रेंच शिल्पकार आंत्वान बुर्देल यांच्या हाताखाली शिकली आणि पहिल्या महायुद्धात तिने परिचारिकेचं काम केलं. बुर्देल यांची शिकवण या शिल्पात दिसते. शिल्प म्हणजे वरवरचा आकार नव्हे, त्याला बांधणी लागते, आतून भार कुठून कुठे जातो ते बाहेरून कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे तिला पाच वेळा स्टालिन पारितोषिक मिळालं. 1953 मध्ये मॉस्कोत तिचं निधन झालं.

प्रश्न: कल्पना वास्तुविशारद बोरिस इयोफान यांची होती, मग श्रेय मुखिनाला का?

1937 च्या पॅरिस आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातलं सोव्हिएत दालन इयोफान यांनी आखलं. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी लांबलचक इमारत, तिच्या पुढच्या टोकाला मनोरा आणि मनोऱ्यावर विळा-हातोडा उंचावणारे स्त्री-पुरुष, हा आराखडा त्यांचाच. हार्मोडियस आणि अॅरिस्टोगायटन ही ग्रीक जोडी आणि सामोथ्रेसची पंखधारी विजयादेवी ही दोन प्राचीन शिल्पं त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

मात्र आराखड्यात ‘दोन आकृत्या’ असं असणं वेगळं आणि त्या उभ्या करणं वेगळं. 1936 मध्ये त्यासाठी निवडक शिल्पकारांची स्पर्धा झाली. मनिझेर, शाद्र आणि आंद्रेयेव यांच्यासारखी मोठी नावं त्यात होती. काहींच्या आकृत्या फार शांत, नुसत्या उभ्या राहिलेल्या. शाद्र यांच्या इतक्या उसळणाऱ्या की खालची इमारत त्यांच्यापुढे टिकली नसती. मुखिनाने इमारतीचाच वेग उचलला. इमारत पुढे सरकते, तशी जोडी पुढे झेपावते. मोठं पाऊल टाकलेलं, उंचावलेले दोन हात एकमेकांलगत, उरलेले दोन मागे फेकलेले. तिच्या पहिल्या नमुन्यात पुरुष जवळजवळ नग्न होता. समितीने कपडे घालायला सांगितले, म्हणून कामगाराच्या अंगावर डांगरी आली. ही सूचना शिल्पाच्या पथ्यावरच पडली, असं आम्हाला वाटतं. पत्र्यात उघडं शरीर घडवण्यापेक्षा कापडाच्या चुण्या घडवणं सोपं असतं आणि चुणी पत्र्याला ताठपणाही देते.

तेव्हा श्रेय विभागूनच द्यायचं. एकूण रचना इयोफान यांची, शिल्प मुखिनाचं. नीना झेलेन्स्काया आणि झिनाइदा इव्हानोवा या तिच्या दोन सहकारी शिल्पकर्तींची नावंही घेतली पाहिजेत, ती फार वेळा गाळली जातात. आणि पाचवं नाव अभियंते प्योत्र ल्वोव्ह यांचं.

प्रश्न: एवढं मोठं शिल्प ओतीव नाही, पत्र्याचं आहे असं वाचलं. पत्र्यातून चेहरा, बोटं कशी घडवतात? कृती सविस्तर सांगाल का?

आधी पत्रा का, ते पाहू. पॅरिसमधल्या मनोऱ्याची उंची तीस मीटरच्या वर. तिथे ब्राँझचं ओतीव शिल्प चढवायचं तर वजन, वेळ आणि वाहतूक, तिन्ही आवाक्याबाहेर जातात. ल्वोव्ह यांनी क्रोम-निकेलच्या गंजरोधक पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पत्रा सुचवला. हे पोलाद ठोकून आकार घेईल का, याची बऱ्याच जणांना शंका होती. तांबं मऊ असतं, हातोडीखाली पसरतं. हे पोलाद स्प्रिंगसारखं मागे येतं आणि जितकं ठोकावं तितकं कडक होत जातं. म्हणून आधी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं डोकं या पत्र्यात घडवून पाहिलं. ते जमलं आणि मुखिनाची खात्री पटली.

काम पुढे असं गेलं.

मुखिनाने प्लास्टरचा साधारण दीड मीटर उंचीचा नमुना केला. तो 15 पट वाढवायचा होता. लांबी 15 पट झाली की पृष्ठभाग 225 पट होतो आणि घनफळ 3,375 पट. नमुन्यात मिलीमीटरभर चुकलं की शिल्पात दीड सेंटिमीटर चुकतं. नमुन्यावर ठिपके घेऊन, मोजमापं काढून आडवे छेद आखले गेले आणि त्यांवरून सुतारांनी जाड फळ्या जोडून पूर्ण मापाचे लाकडी साचे कोरले.

इथेच सगळ्यात अवघड भाग येतो. साचे उलटे होते. शिल्पात जे वर आलेलं, ते साच्यात खोल. गाल भरीव हवा असेल तर साच्यात लाकूड आणखी कोरायचं. गाल उतरवायचा असेल तर साच्यात लाकूड चढवायचं. शिल्पकार आयुष्यभर बाहेरून आकार बघतो. इथे तिघींना मोठमोठ्या लाकडी खोलगटांत उतरून, समोरच्या खळग्यातून मनात उंचवटा वाचावा लागत होता. हातोडी-छिन्नी सुतारांच्या हातात, सूचना यांच्या. कोरलेलं लाकूड परत येत नाही, तुकडा चिकटवूनच दुरुस्ती करावी लागते.

मग पत्रा. जाडी फक्त 0.5 मिलीमीटर. या पोलादाचा इतका पातळ पत्रा चौरस मीटरला जेमतेम 4 किलो भरतो. तो साच्यात ठेवून हाताने ठोकत बसवायचा. एकाच मोठ्या पत्र्याला खोल आकार द्यायला गेलं की कडांना सुरकुत्या पडतात, किंवा मधोमध ताण येऊन तो फाटतो. उपाय एकच: लहान तुकडे करायचे, प्रत्येकाला थोडीच वक्रता द्यायची आणि कडेवर कड चढवून जोडायचं. सपाट भागांना मोठे तुकडे चालतात. चेहरा, बोटं, चुण्या इथे तुकड्यांची संख्या भराभर वाढते.

जोडणीला रिव्हेट न वापरता स्पॉट वेल्डिंग वापरलं. एकमेकांवर चढवलेल्या दोन कडा तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायच्या आणि क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. दोन पत्र्यांच्या मधल्या जागी विरोध सर्वांत जास्त, म्हणून तिथेच धातू वितळतो आणि एक ठिपका जुळतो. वरून काही भरावं लागत नाही, उंचवटा राहत नाही. ‘क्षणभर’ हा शब्द महत्त्वाचा. हे पोलाद 500 ते 800 अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमांवर जमा होतं. आजूबाजूचा धातू क्रोमियमला मुकतो आणि पुढे तिथूनच गंज शिरतो. प्रवाह कमी पडला तर ठिपका कच्चा राहतो आणि ओढल्यावर सुटतो. जास्त झाला तर पत्र्याला भोक पडतं.

साच्यातून निघालेला पत्र्याचा भाग स्वतःच्या भारानेही वाकेल इतका लवचीक असतो. म्हणून साच्यात असतानाच त्याला आतून हलक्या पट्ट्यांचा सांगाडा जोडायचा. हा झाला दुय्यम सांगाडा. तो आतल्या मुख्य सांगाड्याला टेकतो. मुख्य सांगाडा जाड पोलादी तुळयांचा, पुलाच्या कामात असतो तसा. वारा, वजन, ओढ सगळं तो घेतो. पत्रा फक्त आकार देतो.

सगळं काम साधारण साडेतीन महिन्यांत उरकलं. कारखान्याच्या आवारात शिल्प एकदा पूर्ण उभं केलं, तपासलं, मग सुटं केलं.

प्रश्न: या जोडीच्या मागे उडणारा स्कार्फ नुसता शोभेचा आहे का? तो नसता तर काय बिघडलं असतं?

हाच प्रश्न तेव्हाच्या मंजुरी देणाऱ्यांनीही विचारला होता. अभियंत्यांना तर तो नकोच होता. सुमारे 30 मीटर लांबीची पट्टी, कित्येक टन वजनाची, खालून कुठलाही टेकू नसलेली आणि वाऱ्यासमोर थेट आडवी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वर शिल्पाचा भार आधीच पुढे झुकलेला. स्कार्फसाठी मुख्य सांगाड्यातून मागे जाणारी वेगळी कैची, म्हणजे तुळयांची त्रिकोणी जाळी, काढावी लागली.

मुखिना हटली नाही आणि तिचं कारण सौंदर्यापुरतं नव्हतं. दालनाची इमारत दीडशे मीटरहून लांब, आडवी. तिच्या टोकाला फक्त दोन उभ्या आकृत्या ठेवल्या तर त्या केकवरच्या बाहुल्यांसारख्या वेगळ्या दिसल्या असत्या. मागे जाणारे दोन हात आणि स्कार्फ यांनी शिल्पात एक आडवी रेघ येते. ती छताच्या रेघेला समांतर धावते आणि दोन्ही एकत्र बांधते. बाजूने पाहिलं तर आकृत्यांमधून आभाळ दिसतं. ही मोकळी जागाही मुद्दाम राखलेली आहे. भरीव गोळा उंचावर काळा ठिपका दिसला असता.

म्हणजे स्कार्फ शिल्पाचा जेवढा, तेवढाच इमारतीचाही भाग आहे. पुढे मॉस्कोत काय घोळ झाला, ते समजायला हे लक्षात ठेवा.

प्रश्न: पॅरिसमध्ये सोव्हिएत आणि जर्मन दालनं समोरासमोर होती. हा योगायोग की मुद्दाम?

जागा प्रदर्शनाच्या आयोजकांनी दिल्या होत्या, सेन नदीच्या काठी, येना पुलाजवळ, रस्त्याच्या दोन बाजूंना. जर्मन दालनाचे वास्तुविशारद आल्बेर्ट श्पेअर यांनी पुढे आठवणींत लिहिलं की सोव्हिएत दालनाचं गुप्त रेखाटन आपल्या नजरेस पडलं आणि त्या झेपावणाऱ्या जोडीला अडवेल असा जड, चौकोनी मनोरा आपण त्यावरून आखला. त्यावर गरुड आणि स्वस्तिक होतं. दोन्ही दालनांना सुवर्णपदकं मिळाली.

प्रश्न: मॉस्कोहून पॅरिसला शिल्प नेलं कसं?

65 भाग, 28 रेल्वे वाघिणी. मोठे भाग वाघिणीवर आडवे ठेवले तरी कडा बाहेर येत होत्या. पोलंडमधल्या एका बोगद्यातून काही भाग जाईनात, तेव्हा वाटेतच ते कापावे लागले आणि पॅरिसला पोचल्यावर पुन्हा जोडले. उभारणी 11 दिवसांत झाली. इतक्या लवकर जमलं त्याचं कारण मॉस्कोतली पूर्वजुळणी. प्रत्येक भाग कुठे बसतो, हे आधीच ठरलेलं होतं. प्रदर्शन 25 मे 1937 रोजी उघडलं.

प्रश्न: आज मॉस्कोत आहे तेच पॅरिसचं शिल्प का? मुखिना मॉस्कोतल्या जागेवर नाराज होती म्हणतात, ते का?

आकार तोच, पत्रा तो नाही.

प्रदर्शन संपल्यावर शिल्प सुटं करून परत आणलं. उतरवताना आणि प्रवासात भाग चेपले, फाटले. अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा असं हाताळणं दोनदा सोसत नाही. मुळात ते सहा महिन्यांच्या प्रदर्शनासाठी केलेलं काम होतं, कायम उघड्यावर राहण्यासाठी नव्हे. 1939 मध्ये अखिल सोव्हिएत कृषी प्रदर्शनासाठी ते पुन्हा उभं करायचं ठरलं, तेव्हा आवरण बव्हंशी नव्याने घडवलं आणि या वेळी पत्रा जाड घेतला, सुमारे 2 मिलीमीटर. चौरस मीटरला 4 किलोचे 16 किलो झाले.

हे बदल समजण्यासारखे आहेत. चूक झाली ती चौथऱ्याची. पॅरिसला मनोरा साधारण 34 मीटर उंच होता, मॉस्कोत चौथरा केला सुमारे 10 मीटरचा. मुखिना त्याला चिडून ‘खुंट’ म्हणायची. तिने तक्रारी केल्या, पर्यायी जागा सुचवल्या, काही झालं नाही.

नुकसान नेमकं काय झालं? उंचावर ठेवायच्या शिल्पात प्रमाणं खालून बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी जुळवलेली असतात. पुढे टाकलेलं पाऊल, मागे गेलेला हात, झुकलेलं अंग हे सगळं दुरून, मोकळ्या आभाळावर, बाह्यरेषेने वाचायचं. 10 मीटरच्या चौथऱ्यावर माणूस जवळ येतो आणि डोक्यावर पावलं, मांड्या आणि घागऱ्याचा घेर येतो. चेहरे मागे पडतात. दूर जावं तर मागच्या झाडा-इमारतींत बाह्यरेषा हरवते. शिवाय मागची लांब इमारतच नाही. स्कार्फची आडवी रेघ जिच्याशी जुळायची, तीच गायब. त्यामुळे स्कार्फ उगाच लांबवल्यासारखा दिसे आणि ‘शोभेचा आहे का’ हा प्रश्न लोकांना पडत राहिला. ही स्थिती थोडीथोडकी नाही, चौसष्ट वर्षं टिकली.

प्रश्न: स्टेनलेस स्टील गंजत नाही ना? मग 2003 मध्ये शिल्प का उतरवावं लागलं? दुरुस्तीला सहा वर्षं का लागली?

‘गंजत नाही’ हे अर्धसत्य आहे. पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर हवा लागली तरच टिकतो. जिथे कडेवर कड चढलेली आहे, तिथे मधल्या फटीत पाणी साचतं, हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, शहरातली धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांनी ते आणखी बिघडतं. स्पॉट वेल्डिंगच्या शिल्पात अशा फटी हजारोंनी असतात.

पण खरा रोग आतला. मुख्य सांगाडा साध्या पोलादाचा. पोकळ शिल्पात दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने दंव धरतं आणि खाली झिरपतं. साधं पोलाद आणि स्टेनलेस ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांची विद्युतघटासारखी जोडी बनते आणि तीत साध्या पोलादाचाच बळी जातो. बाहेरून चकाकणारं शिल्प आतून पोखरलं जाऊ शकतं ते असं.

त्यात भर प्रसरणाची. हे स्टेनलेस अंशाला मीटरमागे सुमारे 17 मायक्रोमीटर वाढतं, साधं पोलाद सुमारे 12. मॉस्कोच्या उणे 30 पासून अधिक 30 अंशांपर्यंत धरलं तर 20 मीटर उंचीत दोहोंमध्ये 6 मिलीमीटरचा फरक पडतो. पत्रा सांगाड्याला घट्ट जखडला असेल तर हा फरक दरवर्षी वेल्डच्या ठिपक्यांवर निघतो. थरथर वाऱ्याची असतेच. ठिपके एकेक करून सुटतात, कड उघडते, पाणी आत जातं आणि चक्र वेग घेतं. 1979 मध्ये एकदा दुरुस्ती झाली होती, तरी हे थांबलं नाही.

2003 मध्ये शिल्प 40 भागांत सुटं केलं. ते 2005 पर्यंत परत बसवायचा बेत होता. पैसे वेळेवर मिळेनात आणि भाग तसेच पडून राहिले. कामात तपासणी, स्वच्छता, गंजरोधक प्रक्रिया, खराब तुकड्यांच्या जागी नवे पत्रे आणि पूर्वीपेक्षा मजबूत नवा सांगाडा, इतकं सगळं होतं. असं शिल्प अर्धवट सोडणं धोक्याचं. सांगाड्यापासून सुटलेला पत्रा जमिनीवर स्वतःच्या वजनाने हळूहळू बसतो आणि पुढे कडा जुळत नाहीत. 28 नोव्हेंबर 2009 रोजी शिल्प प्रचंड क्रेनने नव्या दालनावर चढवलं आणि 4 डिसेंबरला ते खुलं झालं. दालनाचा दर्शनी भाग इयोफान यांच्या पॅरिसच्या मनोऱ्याच्या धर्तीवर, 34.5 मीटर उंच आहे. मात्र मागची इमारत पॅरिसइतकी लांब नाही. म्हणजे उंचीचं देणं फिटलं, लांबीचं अर्धंच.

प्रश्न: घागऱ्याच्या चुण्यांत स्टालिनचा शत्रू ठरलेल्या ट्रॉट्स्कीचा चेहरा लपवला होता, आणि पैलूदार काचेचा रशियन ग्लासही मुखिनानेच घडवला, या गोष्टी खऱ्या का?

पहिल्या गोष्टीला आधार इतकाच, की काम चालू असताना तशी चुगली झाली होती. स्टालिन रात्री येऊन दिव्यांच्या झोतात शिल्प बघून गेले, असंही सांगितलं जातं. चुण्यांत चेहरा कुणालाही दिसू शकतो, ढगात दिसतो तसा; पण 1937 साली अशा आरोपाने माणूस जिवानिशी जाऊ शकत होता, हे ध्यानात घ्यायला हवं.

ग्लासचं म्हणाल, तर मुखिनाने काचेत काम केलं हे नक्की, पण त्या ग्लासशी तिचं नाव जोडणारा कागदोपत्री पुरावा पुढे आलेला नाही.

प्रश्न: मॉस्कोला जाणार आहे. शिल्प नीट दिसायला कुठे उभं राहावं?

वेदेएनखा मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाता येतं. दालनाच्या आत प्रदर्शनांची जागा आहे, पण आधी बाहेरून बघून घ्या.

दालन आणि शिल्प मिळून उंची साठ मीटरच्या आसपास. मान फार न ताणता, म्हणजे साधारण 30 अंशांच्या कोनात सगळं बघायचं तर शंभरेक मीटर दूर उभं राहावं लागतं. याहून जवळ गेलात की पावलं मोठी आणि डोकी लहान दिसू लागतात. पहिल्यांदा नेमक्या बाजूने बघा. पाऊल, मागचे हात, स्कार्फ आणि मधलं आभाळ एकाच वेळी फक्त तिथूनच दिसतं. मग हळूहळू पुढच्या बाजूला वळा. स्कार्फ आकृत्यांमागे दडत जाईल आणि उंचावलेले दोन हात एकत्र येतील. समोर नाकासमोर उभं राहून काढलेल्या छायाचित्रात शिल्पाचा वेग जवळजवळ नाहीसा होतो, आणि पाहुणे बहुधा तिथूनच छायाचित्र काढतात.

भर दुपारी चकाकीमुळे चेहऱ्यांचे उंचसखल भाग पुसले जातात. सकाळी किंवा मावळतीला तिरप्या प्रकाशात पत्र्यांच्या जोडांच्या रेघाही दिसतात. दुर्बीण नेलीत तर खांदा आणि बाही जिथे मिळतात तो भाग आधी पाहा. तुकडे लहान का करावे लागले, ते तिथे उघड दिसतं.